विश्लेषण : उमरेडभोवती पाणीच पाणी, मग पोहायचे कुठे?

पाऊस दोन दिवस लागून राहिला की रविवारी सकाळपासूनच नागपूर-उमरेड मार्गावर दुचाकींची रांग लागते. मकरधोकडा तलाव 'ओव्हरफ्लो' झाल्याची रील कुणीतरी टाकलेली असते, बाकीचे काम मोबाइल करतो. लोक सांडव्याच्या पाण्यात बसतात, काही जण तिथून पुढे तलावात उतरतात. ऑगस्ट २०२४ मध्ये याच सांडव्याच्या भिंतीवर चढू पाहणारा तरुण घसरून पाण्यात गेला आणि बुडाला. त्याचा व्हिडिओ राज्यभर फिरला. त्याआधी २ जुलै २०२३ रोजी हिंगण्याजवळच्या झिल्पी तलावात पाच तरुणांचा जीव गेला होता.

अशा प्रत्येक घटनेनंतर फलक लागतो, पोलिस उभे राहतात आणि बंदीचा आदेश निघतो. चार रविवार गेले की पोलिस दुसऱ्या बंदोबस्ताला जातात आणि गर्दी परत येते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जाणाऱ्या या भागात पाण्यात उतरू नका, एवढेच सांगून भागणार आहे का? कुठे उतरता येईल, कोणाला विचारून आणि काय बघून, हे कोणीच सांगत नाही. म्हणून हे विश्लेषण.

पाणी नेमके कोणाचे?

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले, तलाव आणि त्यांतले उभे-वाहते पाणी राज्य सरकारच्या मालकीचे आहे. कुणाचा कायदेशीर हक्क सिद्ध झाला असेल तर तेवढा अपवाद. म्हणजे नदी सरकारची. पण नदीपर्यंत जाणारा रस्ता बहुतेक वेळा कुणाच्या तरी धुऱ्यावरून जातो आणि तो शेतकरी तुम्हाला अडवू शकतो. शेततळे आणि विहीर तर सरळसरळ खासगी. तिथे मालकाला विचारल्याशिवाय उतरायचे नाही.

पूर्व विदर्भात याला आणखी एक पदर आहे. इथले बहुतेक जुने तलाव मालगुजारांनी बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि 'माजी मालगुजारी तलाव'चे लोकांनी 'मामा तलाव' केले. मालक बदलला, पण गावाचे हक्क कागदावर राहिले. ते दोन दस्तऐवजांत असतात. एक निस्तार पत्रक आणि दुसरा वाजिब-उल-अर्ज. महसूल संहितेच्या कलम १६१ ते १६७ मध्ये त्यांची तरतूद आहे. गावातल्या मोकळ्या सरकारी जमिनीचा वापर कसा करायचा, हे निस्तार पत्रकात लिहितात. वाट-वहिवाट, सिंचन आणि मासेमारीच्या रूढी वाजिब-उल-अर्जमध्ये. तलावाकडे जाणारी वाट वहिवाटीची आहे की नाही, याचे उत्तर नकाशाच्या अॅपमध्ये मिळत नाही, ते तलाठ्याकडच्या या जुन्या कागदात मिळू शकते. अभियांत्रिकी शिकून डिजिटल डेस्कवर आलेल्या माझ्यासारख्याला हे पचायला वेळ लागला.

पाण्यावर मच्छीमार संस्थेचाही हक्क असतो. तलाव मासेमारीसाठी ठेक्याने दिलेला असेल तर त्यात जाळी आणि बीज असते, काही ठिकाणी शिंगाड्याचे वेल असतात. त्यांच्या पोटावर पाय देऊन पोहणे बरोबर नाही. शिवाय कोणत्या कोपऱ्यात किती पाणी आहे आणि कुठे गाळ आहे, हे धिवर बांधवांइतके कुणालाच माहीत नसते. दुर्घटना झाली की शोधासाठी पहिली हाक त्यांनाच जाते. ती हाक आधी, पाण्यात उतरण्यापूर्वी द्यायला काय हरकत आहे?

नकाशात निळे दिसते ते सगळे तलाव नसतात

उमरेड हा वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या कोळसा खाणींचा पट्टा. उपग्रह चित्रात तालुका उघडला की तलावांसोबत सरळ कडांचे, हिरव्या-निळ्या रंगाचे पाणी दिसते. ते खाणीच्या खड्ड्यात साचलेले असते. गढूळ तलावापेक्षा ते फोटोत सुंदर दिसते आणि फसगत तिथेच होते.

खुली खाण पायऱ्यापायऱ्यांनी खोदतात. खाणीतली माणसे त्याला 'बेंच' म्हणतात. एकेक पायरी कित्येक मीटर उंच आणि जवळजवळ उभी. पाणी भरल्यावर या पायऱ्या दिसत नाहीत. काठावर कमरेएवढे पाणी लागले म्हणून पुढचे पाऊल टाकावे, तर खाली काहीच नसते. वर येताना धरायला कड नाही, असते ती ढिगाऱ्याची भुसभुशीत माती आणि तीही हातात येते. उन्हाने वरचे पाणी तापते, खालचे थंडच राहते. एकदम खाली गेलेल्याचा श्वास थंडीने लागतो आणि तोंडात पाणी जाते. पट्टीचा पोहणारा असला तरी इथे कौशल्य कामाला येत नाही. खाणीच्या हद्दीत परवानगीशिवाय प्रवेश नाही, हा नियम म्हणूनच शंभर टक्के पाळण्याचा आहे. मुरमाच्या आणि गिट्टीच्या खदानींनाही हेच लागू.

मामा तलावाची रचना वेगळी असते. उताराच्या खालच्या बाजूला मातीची पाळ घालून पाणी अडवलेले असते, त्यामुळे सर्वांत जास्त खोली पाळीजवळ असते. पण रस्ता पाळीवरूनच येतो, गाड्या तिथेच लागतात आणि लोक तिथूनच उतरतात! समोरचा काठ उथळ असतो, पण तिथे चिखल आणि वेली. त्यात २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ काढला जातो. योजना चांगलीच आहे. मात्र जेसीबीने कुठे किती खोदले, याचा काठावर मागमूस राहत नाही. मागच्या वर्षी छातीएवढे पाणी होते, या माहितीचा म्हणूनच यंदा उपयोग नाही.

सांडव्यावर शेवाळ असते आणि पायथ्याशी पाणी गोल फिरून माणसाला पुन्हा आत ओढते. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की खालच्या बाजूचे शांत पात्र थोड्याच वेळात बदलते. वरच्या बाजूला, बॅकवॉटरखाली, उठवलेल्या गावांच्या विहिरी आणि झाडे आहेत.

आणि जंगलातले डोह?

तो विषयच नाही. उमरेड-पवनी-कऱ्हांडला हे २०१२ मध्ये घोषित झालेले अभयारण्य आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार परवान्याशिवाय आत जाणे हाच गुन्हा. ३१ डिसेंबर २०२४ रोजी गोठणगावला सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिचे बछडे अडवले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली होती. तिथल्या पाणवठ्यावर पहिला हक्क कुणाचा, हे वेगळे सांगायला नको.

बाहेर काय चालते?

निसर्गातल्या पाण्यात पोहण्याची हौस ब्रिटनमध्येही आहे. पण इंग्लंडच्या २००० सालच्या कायद्याने मोकळ्या माळरानावर फिरण्याचा हक्क देताना नदी-तलावात आंघोळ करण्याचा हक्क मुद्दाम वगळला. शेजारच्या स्कॉटलंडने २००३ मध्ये नद्या आणि तळी जबाबदारीने वापरण्याचा हक्क सर्वांना दिला, त्यात पोहणेही आले. म्हणजे प्रश्न आपल्यापुरताच नाही.

आपल्याकडेही कागद आहेच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत 'ब' वर्ग उघड्यावरच्या संघटित स्नानासाठी राखलेला आहे. १०० मिलिलिटर पाण्यात एकूण कोलिफॉर्म जिवाणू ५०० पर्यंत, विरघळलेला ऑक्सिजन लिटरला किमान ५ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५. मोजमाप ठरले आहे, पण या निकषाने तपासून 'इथे पोहा' असा फलक लावलेला एकही तलाव मला या तालुक्यात दिसलेला नाही.

बंदीने काय साधते?

थोडेच. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले आणि पुणे जिल्ह्यात धबधबे-धरणांवर मनाई आदेश निघाले. पूर आलेला असताना ते योग्यच. पण बारमाही बंदी असली की मुले पाळीवरून न जाता आडबाजूने, कोणाला न सांगता जातात आणि जवळ दोर घेऊन उभा राहणारा कुणी नसतो. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची एक तुकडी नागपुरात आहे. उमरेड तिथून सुमारे ४५ किलोमीटर. बुडणाऱ्याकडे मिनिटे असतात, त्यामुळे पथक पोहोचते ते बहुतेक वेळा मृतदेह शोधायला.

दुसरे असे की मुले पोहायला शिकणार कुठे? मी मामाच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून शिकलो. आता त्या विहिरीवर जाळी आहे, आणि ती असायलाच हवी. तालुक्याच्या गावातल्या मुलासाठी मग उरतो तलाव, तोही चोरून.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. तालुक्यात एक मामा तलाव निवडा. खाणीपासून आणि सांडपाण्याच्या नाल्यांपासून दूरचा. त्याचा उथळ काठ गाळ काढून सपाट करा, खोलीचे खांब रोवा, तरंगत्या दोरीने हद्द आखा, पाणी तपासा. सुटीच्या दिवशी मच्छीमार संस्थेच्या दोघांना मानधनावर जीवरक्षक म्हणून बसवा. पाळीवर टायरची ट्यूब आणि लांब दोर टांगून ठेवा. बाकीच्या जागांवरची बंदी मग लोकांना पटेल तरी.

यासाठी नवा कायदा लागत नाही. निस्तार पत्रक गावकऱ्यांची इच्छा जाणून घेऊन करायचे असते आणि ग्रामपंचायतीने मागणी केल्यास जिल्हाधिकारी चौकशी करून त्यातली नोंद बदलू शकतात. तलावाकडची वाट आणि काठाचा वापर तिथे नोंदवून घेता येईल. ग्रामसभा १५ ऑगस्टला असते, मकरधोकडा साधारण त्याच सुमारास भरून वाहत असतो. विषयपत्रिकेत हा मुद्दा हवा असेल तर ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज सभेच्या आधी द्या आणि त्याची पोच घ्या.