हत्ती कोणाचे आणि शिकार कोणाची?

२०२४ सालच्या एप्रिल महिन्यांत बोट्स्वाना देशाचे तेव्हांचे अध्यक्ष मसीसी यांनीं जर्मनीस वीस हजार हत्ती भेट म्हणून पाठविण्याची धमकी दिली, तेव्हां ती पुष्कळांनीं हंसण्यावारी नेली. आम्हांस ती हंसण्यासारखी वाटली नाहीं. आफ्रिकेंत मारलेल्या जनावरांचीं मुंडकीं, कातडीं व दांत शिकाऱ्यांनीं घरीं आणण्यावर आणखी निर्बंध घालावे, असा विचार जर्मन सरकारांत चालला होता. त्याला हें उत्तर होतें. बोट्स्वानांत सुमारें १ लक्ष ३० हजार हत्ती आहेत. रात्रीं कळप शेतांत शिरला म्हणजे वर्षाचें पीक जातें, आणि आडवा आलेला मनुष्यही जातो. बर्लिनमध्यें बसून हत्तीवर दया करणें म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणें होय, असा त्या धमकीचा सरळ अर्थ होता.

मौजेखातर जीव घेणें आम्हांस गर्ह्य वाटतें, हें प्रथमच सांगून टाकतों. तथापि आपल्याला जें गर्ह्य वाटतें तें कायद्यानें बंद केलें कीं जनावर वांचलें, अशी समजूत आपल्या सुशिक्षित वर्गांत पसरली आहे, ती कितपत खरी आहे हें इतिहासाकडे पाहूनच ठरविलें पाहिजे.

‘सफारी’ हा शब्द स्वाहिली भाषेंतला. मूळ अरबी, आणि आपल्या ‘सफर’ शब्दाचा सख्खा भाऊ. ह्या सफरीचा मार्ग हिंदी मजुरांनीं बांधून दिला. १८९६ ते १९०१ ह्या काळांत मोंबासापासून आंत नेलेल्या युगांडा रेल्वेसाठीं हिंदुस्थानांतून सुमारें ३२ हजार मजूर नेण्यांत आले. त्यांपैकीं सुमारें अडीच हजार तिकडेच मेले. १८९८ सालीं त्सावो नदीच्या पुलावर काम चाललें असतां दोन सिंहांनीं तंबूंतून माणसें ओढून नेलीं. पॅटर्सन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें त्या वर्षाच्या डिसेंबरांत ते दोन्ही मारले, आणि १९२४ सालीं त्यांचीं कातडीं शिकागोच्या पदार्थसंग्रहालयानें पांच हजार डॉलरांस विकत घेतलीं. सिंह आज तेथें कांचेआड उभे आहेत. त्यांनीं खाल्लेल्या मजुरांपैकीं बहुतेकांचें नांव कोणाच्या ओठीं नाहीं.

रेल्वे झाली आणि तिच्यामागून शिकारी आले. १९०९ सालीं अमेरिकेचे नुकतेच निवृत्त झालेले अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे मोंबासास उतरले. त्यांनीं व त्यांच्या चिरंजीवांनीं मिळून ५१२ जनावरें मारलीं. बहुतेक नमुने वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संस्थेसाठीं होते, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परदेशी शिकाऱ्याच्या परवान्याची फी त्या वेळीं ५० पौंड, म्हणजे ७५० रुपये होती. आणि त्या मुलखांत चलनही तेव्हां हिंदी रुपयाचेंच होतें. ७५० रुपये मोजणारा तो ‘शिकारी’. आणि वाडवडिलांपासून त्याच रानांत धनुष्यबाणावर पोट भरणारा, परंतु फी भरण्यास असमर्थ असा रानकरी मात्र ‘चोर’! कायद्याचा पाया असा घातला गेला. १९०० सालीं वन्य पशूंच्या रक्षणार्थ लंडनमध्यें युरोपियन सत्तांनीं करार केला; त्यांत एकाही आफ्रिकन रहिवाशाचें मत विचारलें नव्हतें. त्याच करारांत सिंह, बिबळे, तरस हीं जनावरें ‘उपद्रवी’ ठरवून त्यांची संख्या कमी करावी असें कलम होतें. करार पुढें अंमलांत आलाच नाहीं. परंतु त्यामागील वृत्ति मात्र पुष्कळ वर्षें अंमलांत राहिली.

त्याच त्सावोची पुढली गोष्ट ऐका. १९४८ सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें. वाटा नांवाचे लोक तेथें पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या धनुष्यांनीं व विषारी बाणांनीं हत्तींची शिकार करीत. १९५० नंतरच्या दशकांत मोहीम काढून त्यांना पकडलें, तुरुंगांत घातलें, त्यांची शिकार बंद पाडली. हत्ती वाढले; झाडें मोडून रानाचें माळरान झालें; आणि १९७०-७१ सालच्या अवर्षणांत हजारों हत्ती चाऱ्यावांचून मेले. वाटा लोकांचा धंदा मोडला, आणि हत्तीही वांचला नाहीं.

आतां अलीकडचा हिशेब पाहूं. केनियानें १९७७ सालीं शिकार सर्वस्वी बंद केली. बंदीच्या पक्षाचे लोक केनियाकडे बोट दाखवितात. परंतु १९७७ ते २०१६ ह्या अवधींत त्या देशांतील मोठ्या वन्य पशूंची संख्या सरासरी शेंकडा ६८ नें घटली, असें मोजणीवरून दिसून आलें आहे. उलट पक्षाचे लोक म्हणतात कीं, शिकाऱ्याचा पैसा आला म्हणजे रान सुरक्षित राहतें. टांझानियांत शिकार चालू होती. तरीही २००९ सालीं सुमारें १ लक्ष ९ हजार असलेले हत्ती २०१४ सालीं ४३ हजारांवर आले. म्हणजे दोन्ही पक्षांचीं नाणीं कसोटीवर खोटीं ठरलीं.

ह्याचें कारण काय? केनियांत गुरेंढोरें, कुंपणें व शेतें वाढलीं, आणि वन्य पशूपासून रानच्या मालकास फायदा कांहींच नव्हता. टांझानियांत हस्तिदंताच्या चोरांपुढें सरकारी पहारा टिकला नाहीं. १९७९ ते १९८९ ह्या दहा वर्षांत आफ्रिकेंतील हत्ती सुमारें तेरा लक्षांवरून सहा लक्षांच्या घरांत आले. ते मुख्यतः परवानाधारक शिकाऱ्यानें मारले नाहींत, दांताच्या गिऱ्हाइकानें मारविले. ह्याकरितांच १९८९ सालीं हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारास बंदी झाली.

नामिबियानें निराळा मार्ग धरला. १९९६ च्या कायद्यानें तेथील गांवकऱ्यांस आपापल्या संस्था स्थापून वन्य पशूंपासून होणारें उत्पन्न घेण्याचा हक्क मिळाला. आज अशा संस्था ऐशींहून अधिक आहेत. प्रवासी येतात त्यांचा पैसा, आणि थोड्या ठरीव शिकारीचा पैसा व मांस, हीं गांवांत राहतात. ह्याच देशानें काळ्या गेंड्याच्या एका शिकारीचा परवाना २०१४ सालीं अमेरिकेंत लिलांवांत काढला आणि तो साडेतीन लक्ष डॉलरांस गेला, तेव्हां जगभर गहजब झाला. गेंडा मारून गेंडे वांचवावयाचे, हा हिशेब आमच्याही गळीं सहज उतरत नाहीं. परंतु जो गांवकरी त्या गेंड्याच्या शेजारीं निजतो, त्याला त्या हिशेबांत जागा आहे, ही गोष्ट आम्हांस नाकारतां येत नाहीं.

म्हणून शिकारीचा धंदा निर्मळ झाला असें मात्र कोणीं समजूं नये. २०१५ च्या जुलै महिन्यांत झिंबाब्वेच्या ह्वांगे उद्यानाबाहेर सेसिल नांवाचा सिंह एका अमेरिकन श्रीमंतानें मारला. त्याच्या गळ्यांत संशोधकांचा पट्टा होता. त्या शिकारीचा सौदा सुमारें पन्नास हजार डॉलरांचा होता, असें प्रसिद्ध झालें. ज्या धंद्यांत परवान्यांची संख्या बंद दाराआड ठरते, आणि पैसा गांवापर्यंत पोंचला कीं वाटेंतच जिरला हें कोणास कळत नाहीं, तेथें आंधळें दळतें आणि कुत्रें पीठ खातें, हाच प्रकार व्हावयाचा.

ह्यावर कोणी म्हणेल, आफ्रिकेच्या हत्तींशीं आमचा काय संबंध? संबंध फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकांत झांझिबारहून निघालेला हस्तिदंत मुंबईच्या बंदरांत उतरे. कांहीं लंडनला जाई, कांहींच्या बांगड्या होऊन गुजराथ-राजपुतान्यांतील नवऱ्या मुलींच्या हातांत चढत. त्या उलाढालींत मुंबईच्या पेढ्यांनीं पैसा केला, हें आमच्या व्यापारी बंधूंनीं विसरूं नये. आपल्याकडे आफ्रिकन हस्तिदंताच्या व्यापारावर पूर्ण बंदी १९९१ सालीं आली. १९८६ ची बंदी देशी हस्तिदंतापुरतीच होती. कोल्हापूरसारख्या संस्थानांनीं हरणांच्या शिकारीकरितां आफ्रिकेंतून चित्ते मागविले, कारण स्वदेशीचे चित्ते संपत आले होते. कोरियाच्या राजानें १९४७ सालीं मारलेले तीन हे हिंदुस्थानांतील अखेरचे ठरले. आणि २०२२ सालीं नामिबियाचेच आठ चित्ते आणून आपणांस कुनोच्या रानांत सोडावे लागले. ज्या देशाकडून जनावर उसनें आणावें, त्याला दयाधर्म शिकविण्यापूर्वीं आपण जरा खालीं पाहावें हें बरें.

आणि घरचें काय? ताडोब्याच्या जंगलांत गाडींतून वाघ पाहून शहरचा मनुष्य तृप्त होऊन परततो. त्याच चंद्रपूर जिल्ह्यांत मोहाचीं फुलें वेंचावयास गेलेली बाई वाघाच्या तोंडीं सांपडते. जुन्नरच्या उंसांत बिबळ्याची भीति रोजची आहे. ज्याचें जळतें त्याला कळतें. आपल्या देशांत १९७२ च्या कायद्यानें शिकार बंद आहे, ती तशीच बंद राहावी असेंच आमचें मत आहे. पण बंदीचा सगळा भार वनाशेजारच्या गरिबानें वाहावा आणि सगळा आनंद शहराच्या वांट्यास यावा, हा न्याय नव्हे.

सारांश, शिकार असावी कीं नसावी हें ज्यांच्या शेतांत हत्ती शिरतात त्यांच्या संमतीनें ठरावें. जेथें ती राहील तेथें परवान्यांची संख्या व पैशाचा हिशेब चव्हाट्यावर मांडावा. आणि जेथें ती बंद होईल तेथें बुडणाऱ्या उत्पन्नाची भरपाई बंदी मागणाऱ्यांनीं करावी. आमच्या वाचकांपुरतें कर्तव्य ह्याहून सोपें आहे. भिंतीवरच्या मुंडक्यास व दांतास मोठेपणा देण्याचें आपण सोडावें, आणि रानाशेजारीं राहणाऱ्याच्या नुकसानभरपाईसाठीं सरकारपाशीं तितक्याच जोरानें भांडावें, जितक्या जोरानें आपण वाघ पाहण्याची जागा मिळविण्यासाठीं भांडतों.