वाखाला नवे गिऱ्हाईक

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत ज्वारीच्या शेतात अंबाडीच्या चार ओळी टाकण्याची चाल जुनी आहे. पाला भाजीला, वाख दोराला आणि उरलेल्या सणकाड्या चुलीला, असा तिचा हिशेब असे. कासरा, दावे, शिंके, मोटेचा नाडा हे सारे या वाखातून निघत आणि ते वळण्याचे कसब मुख्यतः मातंग समाजाच्या हाती होते. पुढे नायलॉनचा दोर आला. तो पावसात कुजत नव्हता. वाखाचे गिऱ्हाईक गेले आणि त्याबरोबर अनेक घरांची रोजीही गेली. आता प्लास्टिकच वेगळ्या वाटेने वाखाला पुन्हा बोलावीत आहे. हे बोलावणे कितपत खरे, हे भावनेच्या भरात न जाता तपासावयास हवे.

कल्पना सोपी आहे. पॉलिप्रॉपिलीनसारखे उष्णतेने मऊ होणारे प्लास्टिक वितळवावयाचे, त्यात वनस्पतीचे तंतू मिसळावयाचे आणि त्या संमिश्रापासून साच्यात वस्तू घडवावयाच्या. युरोपातील मोटार कारखाने १९९० नंतरच्या दशकापासून दारांच्या आतील तक्त्यांसाठी जवस, घायपात, अंबाडी यांचे तंतू वापरीत आले आहेत. पूर्व जर्मनीतील ट्राबांट ही गाडी त्याहून जुनी. १९५७ ते १९९१ या काळात निघालेल्या या गाडीच्या कवचात कापसाचे टाकाऊ तंतू असत. मात्र ते कायमच्या घट्ट होणाऱ्या राळेत बसविलेले असल्याने कवच पुन्हा वितळविता येत नसे.

वाखाचा मोठा गुण त्याचे हलकेपण. काचतंतूची घनता सुमारे २.५, तर वनस्पतीच्या तंतूची १.४ ते १.५. ताणबळात काच कितीतरी पुढे आहे, पण वजनाच्या मानाने ताठरपणा मोजला तर चांगला वाख तिच्या जवळ येतो. तेव्हा भार वाहणारी तुळई यातून होणार नाही. दाराचा तक्ता, खुर्चीची पाठ, मालाचा ट्रे होईल.

दोष मात्र नीट समजून घेतले पाहिजेत. सुमारे २०० अंश सेल्सियसच्या पुढे तंतू करपू लागतो, म्हणून १६५ अंशांच्या आसपास वितळणारे पॉलिप्रॉपिलीन चालते, २२० अंशांचे नायलॉन चालत नाही. ज्या नायलॉनने वाखाला बाजारातून हुसकावले, त्याच्याशी त्याचे येथेही जमू नये, हा योगायोग मोठा गमतीचा! दुसरा दोष पाण्याचा. वाख पाणी ओढतो, प्लास्टिक पाण्याला जवळ करीत नाही. त्यामुळे दोहोंची पकड ढिली राहते. तंतू कॉस्टिक सोड्याने धुणे, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिप्रॉपिलीन थोडे मिसळणे, हे त्यावरचे रूढ उपाय. तंतू नीट वाळवला नाही, तर साच्यात वाफ होऊन वस्तू आतून पोकळ राहते.

अंबाडी सडविण्यास साचलेले पाणी लागते. एप्रिल २०१६ मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे हे पाणी कोठून काढावयाचे? या दृष्टीने अर्धापूर परिसरातील केळी अधिक सोयीची दिसते. घड उतरल्यावर तोडावाच लागणारा खांब तेथे हाताशी असतो आणि त्याचा तंतू यंत्राने, न सडविता, ओढता येतो. परंतु यंत्र आधी आणि गिऱ्हाईक मागाहून, हा आपल्याकडील योजनांचा नेहमीचा क्रम येथे घातक ठरेल. कारखान्याला हवी असते सारख्या जाडीची, सारख्या कोरडेपणाची गाठ. शेत मात्र दरवर्षी निराळे पिकते.

‘पर्यावरणस्नेही’ ही मोहोरही जपून उठवावी. शंभर किलो संमिश्रात तीस किलो वाख घातला, तरी उरलेले सत्तर किलो प्लास्टिकच. ते मातीत विरणार नाही. लातूरच्या रेल्वे डबा कारखान्यात असे तक्ते का वापरू नयेत, असे कोणी सहज विचारील. तंतू आणि प्लास्टिक दोन्ही पेट घेणारे आहेत. आगीच्या कसोटीत उतरल्याखेरीज त्यांचे नावही काढू नये.

नांदेडला १९८१ पासून श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, तेथे वस्त्रतंत्राचा विभाग आहे. स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठही तेथेच, १९९४ पासून. आपल्याच शेतातील अंबाडीचे आणि केळीचे ताणबळ, ओलावा, करपण्याचे तापमान हंगामागून हंगाम मोजून या संस्थांनी मराठीत प्रसिद्ध केले, तर शेतकऱ्याच्या हाती भावासाठी बोलावयास काही आधार येईल. प्रतवारीचे काम, वाखाची जात बोटांनी ओळखणारी जुनी माणसे जेथे अजून आहेत, तेथे त्यांच्याकडेच सोपवावे, आणि त्यांचा किलोमागचा दर पहिली गाठ बांधण्यापूर्वी लेखी ठरवावा.