एकट्याची क्रियापदे

प्रवासवर्णन शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक साधा अभ्यास देत आलो आहे. उताऱ्यातली विशेषणे आणि उपमा बाजूला ठेवा आणि फक्त क्रियापदे एकाखाली एक लिहून काढा. लेखक त्या ठिकाणी नेमके काय करत होता, हे क्रियापदांइतके प्रामाणिकपणे दुसरे काहीही सांगत नाही. हाच अभ्यास स्वतःच्या वहीवर करण्याची वेळ जानेवारीतल्या एका आर्क्टिक प्रवासाने माझ्यावर आणली. निष्कर्ष फारसा सुखावह नव्हता.

उत्तर नॉर्वेतले ट्रोम्सो हे शहर आर्क्टिक वृत्ताच्या बरेच वर, साधारण ६९.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तिथे सूर्य क्षितिजावर येत नाही. दुपारच्या सुमाराला काही तास निळसर संधिप्रकाश पसरतो आणि ओसरतो, एवढाच तिथला दिवस. मी पाच दिवसांसाठी एकटा गेलो होतो. एकांत हवा होता, आणि त्या एकांतात काही लिहून व्हावे ही हौसही होती, हे कबूल करायला हवे.

परतल्यावर वही उघडली. ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी ‘नेण्यात आले’. जाड पोशाख ‘देण्यात आला’. रेनडिअरच्या घसरगाडीत ‘बसवण्यात आले’. बर्फाला भोक पाडून मासे कसे धरतात ते ‘दाखवण्यात आले’. पानामागून पान अशाच कर्मणी वळणाचे. वृत्तान्ताचा नायक मी होतो, पण त्यातल्या जवळजवळ एकाही क्रियेचा कर्ता मी नव्हतो. खरा कर्ता कोण होता, तेही वाक्यात कुठे नव्हते. ‘ण्यात आले’ या सरकारी रचनेने त्याला अलगद गिळून टाकले होते.

‘एकट्याने केलेला प्रवास’ हा आज लोकप्रिय झालेला लेखनप्रकार आहे. माणूस गर्दीतून सुटला की स्वतःला भेटतो, हे त्याचे गृहीतक. आर्क्टिक हिवाळ्यात या गृहीतकाची परीक्षा चांगली होते, कारण तिथे पाहुण्याला खऱ्या अर्थाने एकटे राहणे जवळपास अशक्य असते. स्वालबार्डमध्ये वसाहतीबाहेर पडताना ध्रुवीय अस्वलाला हुसकावण्याचे साधन जवळ असणे कायद्याने बंधनकारक आहे. ट्रोम्सोत ढग आले, तर वाटाड्या उपग्रहचित्रे पाहून निरभ्र आकाशाच्या शोधात गाडी थेट फिनलंडच्या हद्दीपर्यंत नेतो. ‘एकटा’ हा शब्द तिथे प्रामुख्याने तिकिटावरचा असतो. यात गैर काहीच नाही. गैर असते ते त्या तिकिटाचे आत्मशोधात रूपांतर करणारे गद्य.

मग एकांत तिथे कोणाला भेटला? क्रिस्टियाने रिटर ही ऑस्ट्रियन चित्रकार १९३४ साली नवऱ्याच्या बोलावण्यावरून स्पिट्सबर्गेनच्या उत्तर किनाऱ्यावर गेली. ग्रोहूकेन येथील एका लहानशा झोपडीत ती, नवरा आणि एक नॉर्वेजियन शिकारी अशा तिघांनी हिवाळा काढला. १९३८ साली तिचे पुस्तक आले आणि ते आजही वाचले जाते. ती एकांताच्या शोधात गेली नव्हती. दोघे पुरुष शिकारीला गेले आणि वादळ आले, तेव्हा एकांत तिच्यावर येऊन कोसळला. त्या दिवसांत ती काय करते? बर्फ उपसते, चूल पेटती ठेवते, दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ उपसते. क्रियापदे सगळी घरकामाची आहेत. पण ध्रुवीय रात्रीत मनाचे काय होते याचे दर्शन त्या कामांच्या फटींतूनच घडते. चिंतन वेगळे काढून ठेवलेले नाही, म्हणूनच ते विश्वसनीय वाटते.

दुसरे उदाहरण अधिक कठोर आहे. ग्रीनलंडच्या हिमपठारावरील हवामान-केंद्रात १९३०च्या डिसेंबरात ऑगस्टिन कोर्टोल्ड हा तरुण इंग्रज एकटा मागे राहिला. कारण आध्यात्मिक नव्हते, हिशेबाचे होते. दोघांना पुरेल इतके अन्न तिथे शिल्लक नव्हते. हवामानाच्या नोंदी घेणे हे त्याचे काम, आणि ते काम होते तोवर दिवसाला आकार होता. पुढे बर्फाने त्याचे बाहेर पडणेच बंद केले. नोंदी थांबल्या, रॉकेल संपत आले, आणि शेवटचे सुमारे सहा आठवडे तो बर्फाखाली, बहुतांशी अंधारात पडून होता. ५ मे १९३१ रोजी मोहिमेचा प्रमुख जिनो वॉटकिन्स तिथे पोहोचला, तेव्हा बर्फाच्या वर हवेच्या नळीचे टोक आणि एक फाटका झेंडा एवढेच दिसत होते. रिटर आणि कोर्टोल्ड यांना शेजारी ठेवले की एक गोष्ट उमगते. एकांताला रूप देते ते हातातले काम, आणि ते काम गेले की उरते ती केवळ वाट पाहणे.

आज पत्रकांत ‘हिवाळी उपक्रम’ म्हणून जे छापले जाते, ती सारी मुळात कामेच आहेत. कुत्र्यांची घसरगाडी हे वाहन होते, बर्फातली मासेमारी हे जेवण होते. योहान तुरी या सामी लेखकाचे १९१० साली प्रसिद्ध झालेले पुस्तक सामी भाषेतले पहिले धर्मेतर पुस्तक मानले जाते. त्यात रेनडिअर हे दृश्य नाही, तो जगण्याचा धंदा आहे. बर्फावर पाऊस पडून वर कडक थर गोठला की खालचे दगडफूल रेनडिअरला उकरता येत नाही. कळप उपाशी राहतो. मी घसरगाडीत बसलो त्या दिवशी रिमझिम पाऊस होता. माझ्या वहीत त्याची नोंद आहे, ‘छायाचित्रे नीट आली नाहीत’ एवढीच.

येथे एक आक्षेप घेता येईल. पर्यटकाने काय फावडे घेऊन बर्फ उपसत बसावे? अर्थातच नाही. कष्टांचे उदात्तीकरण हीदेखील पाहुण्याचीच चैन असते, आणि रिटरलाही परतीची बोट होतीच. शिवाय पाहुण्यांना हिंडवणे हेच आता तिथल्या अनेकांचे हिवाळ्यातले खरे काम आहे. माझा मुद्दा नेमका हाच आहे. ते काम आपल्या लेखनात दिसले पाहिजे. ज्यांच्या श्रमांवर आपला एकटेपणा उभा असतो, त्यांना कर्मणी प्रयोगात गाडून टाकणे ही केवळ शैलीची उणीव नाही. ते असत्यकथन आहे.

माझ्या वहीत एकच पान वेगळे निघाले. फेरी संपल्यावर कुत्र्यांची देखभाल करणाऱ्या मुलीने माझ्या हातात बादली दिली, आणि पाण्यात कालवलेले मांस मी ओळीने भांड्यांत ओतत गेलो. ‘ओतले’, ‘सांडले’, ‘बोटे बधिर झाली’, ‘मोकळ्या भांड्यात पाहून एक कुत्रा माझ्याकडे बघत राहिला’. दहा मिनिटांचे काम. पण पाच दिवसांत त्या दहा मिनिटांतच मी स्वतःला विसरलो होतो, आणि लिहिण्याजोगे जे काही मिळाले ते तेवढेच.

आता ती वही मी पुन्हा लिहून काढतो आहे. पहिले वाक्य होते, ‘ध्रुवीय प्रकाश पाहण्यासाठी आम्हाला दूर नेण्यात आले.’ ते आता असे आहे: ‘तिने रात्री दोनपर्यंत गाडी चालवली. मी मागे बसून डुलक्या घेत होतो.’ या वाक्यात माझी ऐट राहिलेली नाही. वाक्य मात्र खरे झाले आहे.