मे महिन्यात चिखलदरा? रोडगे घरूनच भाजून न्या

शेतकरी बंधूंनो, आपल्या संत्र्याच्या धुऱ्यावर कोणी जळती बिडी टाकली तर आपण भांडाले उठतो. अन् मे महिन्यात चिखलदऱ्याले फिराले गेलो की सागाखालीच गवऱ्या पेटवून रोडगे भाजतो! उन्हाळ्यात सागाची पानं गळून खाली वाळल्या पाल्याचा थर असतो. वरून राख दिसते, पण गवरीत विस्तव राहतो. वारा सुटला की वणवा.

"जंगल सरकारचं हाय" म्हणणाऱ्यांनो, मेळघाट १९७३-७४ च्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. राखीव जंगलात आग लावणं १९२७ च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. अन् वणवा काही सातबारा पाहून थांबत नाही.

रोडगे घरून न्या, आगपेटी घरीच ठेवा.