दंड भरण्यापूर्वी

व्यापारी माणसाला रोखीची सूट चांगली परिचयाची असते. बिलाची मुदत भरण्याआधी रक्कम चुकती केली, की चार पैसे वाचतात. परंतु ही सूट खऱ्या देण्यावर मिळते. देणेच लागत नसेल, तर सूट कसली? इंग्लंडमध्ये वास्तव्य करणाऱ्या आपल्या कुटुंबांनी दिव्यांगांच्या पार्किंग दंडाच्या बाबतीत हा साधा हिशेब ध्यानी ठेवणे हिताचे आहे.

लेस्टर, हॅरो, वेम्बली या भागांत स्थिरावलेल्या कुटुंबांतील वडीलधारी मंडळी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गुडघे निकामी झालेल्या किंवा पक्षाघाताने चालणे दुष्कर झालेल्या व्यक्तींना तेथे ‘ब्लू बॅज’ मिळतो. खासदार आल्फ मॉरिस यांच्या पुढाकाराने १९७० मध्ये झालेल्या कायद्यातून ही योजना निघाली. १९७१ मध्ये सुरू झालेला हा बॅज प्रथम नारिंगी होता, तो २००० साली निळा झाला. बॅज व्यक्तीच्या नावे असतो, मोटारीच्या नावे नव्हे. इंग्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी बॅजधारकाची मोटार पिवळ्या रेषेवर तीन तासांपर्यंत उभी करता येते. मात्र तेथे मालाच्या चढउतारास बंदी नसावी, बॅजची दर्शनी बाजू काचेतून दिसावी आणि शेजारच्या घड्याळावर आगमनाची वेळ लावलेली असावी. मध्य लंडनच्या काही भागांत नियम निराळे आहेत.

उदाहरण घेऊ. सून सासऱ्यांना घेऊन दवाखान्यात जाते. त्यांना आधार देऊन उतरवताना दार जोराने लागते आणि बॅज घसरून आसनाखाली पडतो. परत येऊन पाहावे, तो काचेवर दंडाचे पाकीट! लंडनबाहेर वरच्या श्रेणीचा दंड ७० पौंड असतो. तो १४ दिवसांत भरल्यास ३५ पौंडांवर भागते. घरात सर्वांचे एकमत होते, ‘कटकट नको, भरून टाका.’ सासरे मात्र मनातून खट्टू होतात. आपल्यापायी मुलांना भुर्दंड, असे वाटून पुढच्या वेळी ते घराबाहेर पडण्यासच नकार देतात. ज्या परवान्यामुळे त्यांना बाहेर पडणे सुकर व्हावे, त्याच्याच निमित्ताने ते घरात बसतात. पस्तीस पौंडांपेक्षा ही हानी मोठी आहे.

रक्कम भरली, की प्रकरण मिटते आणि दाद मागण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून आधी कौन्सिलकडे लेखी हरकत घ्यावी. ती १४ दिवसांच्या आत घेतली आणि फेटाळली गेली, तरी निम्म्या रकमेची सवलत साधारणतः पुन्हा देऊ केली जाते. हरकतीत घडले तेवढेच लिहावे. बॅज दिसत नव्हता, तर तसे मान्य करावे, कारण काटेकोर अर्थाने नियमभंग झालेलाच असतो. तथापि दंड रद्द करण्याचा स्वेच्छाधिकार कौन्सिलला असतो, आणि वैध बॅज असूनही तो नीट न लावल्याची पहिलीच वेळ असेल, तर अनेक ठिकाणी तो वापरला जातो. सोबत बॅजच्या दोन्ही बाजूंची प्रत, जागेची छायाचित्रे आणि दवाखान्याच्या भेटीचे पत्र जोडावे.

हरकत फेटाळली गेल्यास आणि दंड न भरल्यास मोटारीच्या नोंदणीकृत मालकाच्या नावे नोटीस येते. मोटार मुलाच्या नावे असेल, तर पुढील अर्ज मुलानेच करावयाचा. त्याला २८ दिवसांची मुदत असते. कौन्सिलने ५६ दिवसांत उत्तर न दिल्यास अर्ज मान्य झाल्याचे धरले जाते. नकार आल्यास पुन्हा २८ दिवसांत स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. त्यास शुल्क नाही आणि वकिलाचीही आवश्यकता नाही. नियमभंग सिद्ध झाला, तरी परिस्थिती तशीच सबळ असल्यास दंडाचा फेरविचार करण्याची शिफारस न्यायाधिकरण कौन्सिलला करू शकते.

याउलट, नोटीस कपाटात टाकून स्वस्थ बसणे सर्वांत महागात पडते. मुदती उलटल्या, की दंडात निम्म्याने भर पडून ७० चे १०५ पौंड होतात. त्यापुढे न्यायालयीन नोंद आणि वसुली अधिकारी दारी येणे, असा क्रम असतो.

बाजारसंकुलाच्या किंवा खाजगी दवाखान्याच्या वाहनतळावर कंपनीने लावलेली पावती हा प्रकार वेगळा. तिचे संक्षिप्त नावही ‘पीसीएन’ असल्याने गफलत होते. तो कराराच्या आधारे मागितलेला आकार असतो, तेथे ब्लू बॅजचे रस्त्यावरील नियम आपोआप लागू होत नाहीत. परंतु २०१० च्या समानता कायद्यानुसार दिव्यांगांसाठी वाजवी सोय करणे कंपनीवरही बंधनकारक आहे. उतरण्यास आणि चालण्यास अधिक वेळ लागला, एवढे कारणही तेथे मांडता येते. आधी कंपनीकडे आणि नकार आल्यास ती ज्या व्यवसायसंघाची सदस्य असेल, त्याच्या अपील यंत्रणेकडे जावे.

हक्क मागणाऱ्याचे हात स्वच्छ असावेत, हेही तितकेच खरे. आईला घरी ठेवून तिच्या बॅजवर मंडईत मोटार लावणे हा गुन्हा आहे आणि त्यास १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. तेथे हरकत घेण्यास तोंड उरत नाही. मात्र वडील खरोखरच सोबत असतील, बॅज वैध असेल, तर पाकीट हाती पडताच त्यावरील तारीख दिनदर्शिकेत नोंदवावी, बॅजची प्रत काढावी आणि त्याच आठवड्यात अर्ज धाडावा. पुढच्या भेटीच्या वेळी वडिलांना आग्रहाने सोबत न्यावे.