डोमेन विकायचंय? आधी आकडा लिहून ठेवा

डोमेन नाव विकायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "याचे किती येतील?" माझं म्हणणं असं की हा प्रश्न आपण नेहमी चुकीच्या वेळी विचारतो. कोणाचा तरी ईमेल येऊन पडलेला असतो, आणि पाठवणारा कोण असेल, त्याच्या खिशात किती असतील, यावरच आपला आकडा ठरायला लागतो. आकडा त्याच्या कितीतरी आधी ठरायला हवा. कोणी विचारत नसताना, निवांत बसून. आणि मग विचारणारा कोणीही असो, तोच आकडा सांगायचा. एवढंच सांगायचंय, पण त्यासाठी थोडा हिशोब करावा लागेल.

आपल्या धंद्यात जवळपास प्रत्येकाकडे दोन-चार डोमेन पडून असतात. शनिवारी एखादी आयडिया सुचते, कोडची पहिली ओळ लिहायच्या आधी नाव घेऊन टाकतो, कोड राहतो बाजूला आणि नाव मात्र दरवर्षी क्रेडिट कार्डावर रिन्यू होत राहतं. माझ्याकडेही असं एक आहे. रोजच्या बोलण्यातला साधा मराठी शब्द आणि पुढे डॉट कॉम. २०११ मध्ये घेतलं होतं. (शब्द सांगत नाही, बोलणी चालू आहेत.)

आता आकडा कशावरून ठरवायचा? चार गोष्टी लगेच सुचतात, आणि चारही कुचकामी आहेत.

पहिली म्हणजे आपला खर्च. "इतकी वर्षं रिन्यू केलं, पंधरा-वीस हजार गेले, ते तरी निघायला हवेत." घेणाऱ्याला त्याच्याशी काय घेणंदेणं? पहिलं डॉट कॉम, सिम्बॉलिक्स डॉट कॉम, १५ मार्च १९८५ ला नोंदवलं गेलं. १९९५ पर्यंत नाव नोंदवायला पैसेच पडत नव्हते. त्या वर्षी दोन वर्षांचे १०० डॉलर सुरू झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये डॉट कॉमचा घाऊक दर वर्षाला १०.२६ डॉलर झाला. म्हणजे चांगलं नाव असो की टाकाऊ, सांभाळायचा खर्च तोच. खर्चावरून किमतीचा पत्ता लागत नाही.

दुसरी, इतरांना काय मिळाले. बिझनेस डॉट कॉम १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला गेलं आणि १९९९ मध्ये ७५ लाख डॉलरला. व्हॉइस डॉट कॉम २०१९ मध्ये तीन कोटी डॉलरला गेलं. हे आकडे वाचले की आपलं नावही लाखाचं वाटायला लागतं. फ्लॅट विकताना शेजारच्या सोसायटीचा रेट बघतात ते ठीक, कारण तिथे दोन बेडरूम म्हणजे दोन बेडरूम. नावांना शेजारची सोसायटी नसते. शिवाय विक्रीच्या याद्यांमध्ये फक्त विकली गेलेली नावं असतात. न विकलेल्या कोट्यवधी नावांची यादी कोणी छापत नाही.

तिसरी, नावाची किंमत सांगणारी यंत्रं. नाव टाका, बटण दाबा, आकडा घ्या. मी एकच प्रश्न विचारतो, हा आकडा सांगणारा त्या किमतीला माझं नाव स्वतः घेईल का? नाही ना? मग तो अंदाज म्हणजे टाइमपास. (याच्याच आसऱ्याने एक जुनी फसवणूकही चालते. "घेणारा" भली मोठी किंमत कबूल करतो आणि म्हणतो, आधी अमुक साइटवरून किमतीचं सर्टिफिकेट काढून आणा. सर्टिफिकेटची फी भरली की तो गायब.)

चौथी, आपली गरज. याचं आपल्याकडचं उदाहरण ताजं आहे. दिल्लीतल्या एका डेव्हलपरने जिओ आणि हॉटस्टार एक होणार या अंदाजाने २०२३ मध्ये जिओहॉटस्टार डॉट कॉम घेऊन ठेवलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने त्याच पानावर लिहिलं की केंब्रिजच्या अभ्यासक्रमाची ९३,३४५ पौंड फी कंपनीने भरावी आणि नाव घ्यावं. म्हणजे सुमारे एक कोटी रुपये. कंपनीने नकार दिला आणि कायदेशीर कारवाईचं बोलणं आलं. पुढे ते नाव दुबईच्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला फुकट द्यायची तयारी दाखवली. त्या मुलाच्या शिकायच्या इच्छेबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही. पण फी ही त्याची गरज होती, नावाची किंमत नव्हती.

मग उरतं काय? घेणाऱ्याचा पर्याय. तुमचं नाव मिळालं नाही तर तो दुसरं काय घेईल आणि त्याचं त्यात किती अडेल, एवढंच.

टेस्ला बघा. कंपनी कित्येक वर्षं टेस्लामोटर्स डॉट कॉमवर होती आणि गाड्या विकत होती. २०१६ मध्ये टेस्ला डॉट कॉम हाती आलं. मस्कनी नंतर सांगितलं की त्याला दहाहून जास्त वर्षं आणि १.१ कोटी डॉलर लागले. फेसबुकने २००५ मध्ये नावापुढचं "द" काढून टाकायला दोन लाख डॉलर मोजले आणि २०१० मध्ये एफबी डॉट कॉम ८५ लाख डॉलरला अमेरिकन शेतकऱ्यांच्या एका संघटनेकडून घेतलं. या कथांमध्ये सगळे डॉलरकडे बघतात. मला दिसतं ते असं की पर्यायी नावावर या कंपन्यांचं अडलं नव्हतं. पैसे आल्यावर त्यांनी नाव घेतलं. मग आपल्यासारख्यांच्या नावावाचून कोणाचं किती अडणार? पुढे "माय" लावा, मागे गावाचं नाव जोडा, डॉट इन घ्या. हजार-बाराशेत काम होतं. २००५ मध्ये डॉट इन सगळ्यांसाठी खुलं झाल्यापासून तर भारतातल्या छोट्या धंद्याला हा रस्ता कायमच मोकळा आहे.

आता माझा हिशोब. माझा शब्द कोणाच्या उपयोगाचा? खाद्यपदार्थ, घरगुती वस्तू विकणाऱ्या मध्यम धंद्याच्या. असा धंदा लोगो, पॅकिंग आणि सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांच्या जाहिरातींवर जेवढे घालतो, साधारण तेवढे तो नावावर घालू शकेल. त्यावरून मी आकडा काढला, अडीच लाख. हा झाला मागायचा आकडा.

पण दुसराही एक आकडा लागतो, ज्याच्या खाली जायचं नाही तो. तो असा काढायचा. या धंद्यातले लोक शंभरातली एक-दोन नावं वर्षात विकली गेली तरी खूश असतात. म्हणजे आज समोर आहे त्याला नाही म्हटलं, तर माझं नाव एखाद्या वर्षात विकलं जायची शक्यता फार तर २ टक्के धरू. दहा वर्षांत ती होते १८ टक्क्यांच्या आसपास. अडीच लाखांचे १८ टक्के म्हणजे सुमारे ४५ हजार. त्यातून दहा वर्षांच्या रिन्यूअलचे १२ हजार वजा करा. उरले ३३-३४ हजार, तेही दहा वर्षांत कधीतरी. एक्सेलमध्ये पाच मिनिटांचं काम आहे, जरूर करून बघा, डोकं चटकन ताळ्यावर येतं. त्यावर व्यवहाराची कटकट, टॅक्स आणि थोडा जीव अडकलाय त्याचे धरून मी तळ ठेवला साठ हजार.

हे दोन आकडे मी २०२३ च्या सुरुवातीला एका टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवले, तारखेसकट.

त्याच वर्षी एका तालुक्याच्या गावातल्या बाईंचा मेल आला. घरगुती मसाले, पापड, चार-पाच जणींचा उद्योग. किंमत विचारली, मी अडीच लाख सांगितले. त्या म्हणाल्या, पंधरा हजार जमतील, ओढूनताणून पंचवीस. मी होतो तेवढा खाली आलो, साठपर्यंत. त्यांनी नम्रपणे नको म्हटलं, शब्दापुढे गावाचं नाव लावून डॉट इन घेतलं आणि त्यांचा धंदा व्यवस्थित चालला आहे. पर्याय, पर्याय म्हणतो तो हा.

यंदा दुसरा मेल आला. जीमेलचा पत्ता, नाव नाही, चाळीस हजारांची ऑफर. मेलच्या तळाशी फोन नंबर राहून गेला होता. तो शोधला तर निघाली एक स्टार्टअप, आणि तिला काही कोटींचं फंडिंग मिळाल्याची बातमी. मित्रांना सांगितलं. एकजात सगळे म्हणाले, "दहा मार. दहा लाख. त्यांना काय फरक पडतो?"

साडेसात लाखांचा फरक आहे, आणि तो लहान नाही. माझ्या घराच्या हप्त्यांचं एक वर्ष सहज निघेल. मित्रांचा मुद्दा मूर्खपणाचा मुळीच नाही. त्या शेतकरी संघटनेने समोर फेसबुक आहे हे न बघता ठरलेला आकडा सांगितला असता, तर ८५ लाख डॉलर कुठून मिळाले असते? कबूल. आकडा आधी ठरवला की अशी एखादी लॉटरी हातची जाऊ शकते.

तरी मी अडीचच सांगितले. कारणं तीन.

एक, कायदा. नाव कोणाच्या ब्रँडसारखं असेल आणि त्या ब्रँडच्या मालकालाच चढ्या किमतीला विकायच्या हेतूने घेतलेलं असेल, तर डोमेनच्या तंट्यांसाठी १९९९ पासून जी आंतरराष्ट्रीय पद्धत आहे तिच्यात हाच वाईट हेतूचा पुरावा धरला जातो. त्याच्या आधीचा एक गाजलेला खटला आहे. अमेरिकेत एका माणसाने १९९५ मध्ये पॅनाव्हिजन डॉट कॉम घेतलं आणि कंपनीकडे १३ हजार डॉलर मागितले. १९९८ मध्ये अपिलाच्या कोर्टातही तो हरला. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये सिफीच्या खटल्यात डोमेन नावाला ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं. उलट उझी निसान या गृहस्थांनी १९९४ मध्ये स्वतःच्या आडनावाचं डॉट कॉम घेतलं होतं. कार कंपनीने त्यांना कोर्टात खेचलं, पण कित्येक वर्षांच्या लढ्यानंतर नाव त्यांच्याकडेच राहिलं. माझा शब्द शब्दकोशातला आहे, त्यामुळे मी किती मागावेत यावर कायद्याचं बंधन नाही. पण कोणाचा ब्रँड आहे ते बघून किंमत लावायची सवय जडली, की त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत ते कळेनासं होतं.

दोन, समोरचा उठून जाऊ शकतो. फंडिंग असलं तरी हजार रुपयांचा पर्याय त्याच्यासाठीही तितकाच उघडा आहे. दहा लाख ऐकून तो गेला तर माझ्या हातात पुन्हा तेच ३३-३४ हजार, तेही कागदावरचे.

आणि तीन, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मसाल्यांच्या त्या बाईंना मी जी किंमत सांगितली तीच खरी म्हणून सांगितली होती. आज दुसऱ्याला चौपट सांगितली तर तेव्हाची खोटी होती की आजची? आकडा कमी करणं ही माझी मर्जी. सोडलेले पैसे माझे असतात. वाढवणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात डोकावून केलेला अंदाज, आणि त्याचे पैसे तो भरणार. मंडईत कपडे बघून भाव सांगणाऱ्या भाजीवाल्याला आपण काय म्हणतो ते आठवा. मग आपण कीबोर्डवर बसून तेच केलं तर त्याला "स्ट्रॅटेजी" का म्हणायचं?

आकडा सांगायचा कसा, तेही लिहून टाकतो, म्हणजे पुन्हा या विषयावर यायला नको. "तुम्हीच ऑफर द्या" असं म्हणायचं नाही, त्यातून आठवडे जातात. आकडा, चलन आणि मुदत एका ओळीत लिहायची. कारणं द्यायची नाहीत. कारण दिलं की त्याच्यावरच घासाघीस सुरू होते. पैसे एस्क्रोमधून घ्यायचे, म्हणजे दोघांचे पैसे आणि नाव मधल्या तिसऱ्याच्या हवाली राहतात. पैसे तिथे जमा झाल्याशिवाय ट्रान्सफरचा कोड द्यायचा नाही. नाव तुमच्याच खात्यात, चालू ईमेलवर आहे ना, तेवढं आधी तपासून घ्या.

माझा मेल तीन ओळींचा होता. किंमत अडीच लाख रुपये, एस्क्रोचा खर्च अर्धा-अर्धा, हा आकडा तीस दिवस कायम. त्यांनी ऐंशी हजार म्हटलं आहे. ऐंशी माझ्या तळाच्या वर आहेत, त्यामुळे शेवटी तिथेही होय म्हणेन कदाचित. अजून अकरा दिवस आहेत. जमलं तर ठीक, नाही तर नोव्हेंबरमध्ये रिन्यू करायचंच आहे.