पगारातले दोनशे रुपये

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या कारखान्यातल्या कायम कामगाराच्या पगारपत्रकावर भविष्य निर्वाह निधीच्या आसपास ‘व्यवसाय कर’ असा एक आकडा असतो. दरमहा 200 रुपये, फेब्रुवारीत 300. हे पैसे कशापायी कापतात, हे बहुतेकांना सांगता येणार नाही. त्याचे मूळ 1972च्या दुष्काळात आहे. मराठवाड्यात विहिरींबरोबर हातचे कामही आटले, तेव्हा गावोगाव पाझर तलाव, नालाबांध आणि रस्त्यांची कामे निघाली. बायाबापड्या उन्हात खडी फोडत. हजेरी लागली की मजुरी मिळे, सुकडी मिळे. वि. स. पागे यांच्या रोजगार हमीच्या कल्पनेला या दुष्काळाने बळ दिले. त्या हमीच्या खर्चासाठी 1975मध्ये व्यवसाय कर आला, 1977मध्ये हमीचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979पासून तो लागू झाला. शहराने पगारातून द्यायचे, गावाने हक्काने काम मागायचे, असा तो व्यवहार होता. केंद्राला असा कायदा करायला 2005 उजाडले.

मात्र 2020 साली काम गेले ते याच शहरांतले. 24 मार्चच्या रात्री आठला कोरोनाच्या साथीमुळे टाळेबंदी जाहीर झाली आणि बाराला लागूही झाली. वाळूजलगतच्या रांजणगाव शेणपुंजी, बजाजनगरच्या खोल्यांत राहणाऱ्या ठेकेदारीवरच्या पोरांना काम मागायला कोणतेही दार उरले नाही. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या 16 मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ही मध्य प्रदेशातली माणसे गावी जाणारी गाडी धरायला पायी निघाली होती. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्या साऱ्या देशाने पाहिल्या.

त्यानंतर चौथ्या दिवशी 20 लाख कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यात लघुउद्योगांसाठी 3 लाख कोटींची विनातारण कर्जे होती, तीही 29 फेब्रुवारीला असलेल्या थकबाकीच्या 20 टक्क्यांपर्यंत. म्हणजे ज्याच्या डोक्यावर आधीच कर्ज, त्यालाच आणखी कर्ज. फेरीवाल्याला 10 हजारांपर्यंत मिळाले, तेही कर्जच. हप्ते पुढे ढकलले, व्याजाचे मीटर चालूच राहिले. या कर्जांनी अनेक वर्कशॉपांना टाळे लागता लागता वाचवले, हे मान्य करायला हवे. पण ऑर्डरच नसेल तर भांडवल घेऊन लेथ कशावर फिरवायचा? एप्रिल-जूनच्या तिमाहीत देशाचे उत्पादन पहिल्या अंदाजानुसार 23.9 टक्क्यांनी घसरले. गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा नव्हता, हे दुखणे होते. अमेरिकेने त्याच सुमारास माणशी 1,200 डॉलरपर्यंतचे धनादेश थेट घरी धाडले. आपल्याकडे जनधन खात्यावर महिलांना महिना 500 रुपये आले, तेही तीन महिने. रेशनचे फुकट धान्य होते म्हणून चुली पेटल्या.

रोजगार हमीची आठवण सरकारला झाली नाही असे नाही. तिच्यासाठी 40 हजार कोटी वाढवून दिले, परंतु फक्त गावांसाठी. वाळूजमध्ये काम गेलेल्याने हमीचे काम मागायला आधी गाव गाठायचे, आणि नेहमीच्या गाड्या तर बंद! राज्य सरकारने एप्रिल 2021मध्ये 1,500 रुपयांची मदत जाहीर केली ती परवानाधारक रिक्षाचालक, नोंदणीकृत बांधकाम मजूर, फेरीवाले यांना. ज्याचे नाव कुठल्याच वहीत नाही, तो ठेकेदारीवरचा कामगार पुन्हा बाहेरच.

राजस्थानने 2022मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली. हमीची कल्पना ज्या महाराष्ट्राने देशाला दिली, त्याने इतके मागे राहावे, हे लाजिरवाणे आहे. पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न आम्हाला विचारू नये; तो दरमहा पगारातून कापला जातोच आहे. कामाचीही वाण नाही. संभाजीनगरातच खाम नदीचे पात्र आहे, तुंबलेले नाले आहेत, नहर-ए-अंबरी या जुन्या जलवाहिनीची डागडुजी आहे. शहरी हमीचा कायदा पुढच्या साथीची वाट न पाहता करावा आणि नोंदणीची वही वॉर्ड कार्यालयात आजच उघडावी. तिथे नाव घालायला येणाऱ्याला ठेकेदाराचा दाखला किंवा गावचे रेशनकार्ड मागू नये. तो या शहरात राबतो, एवढा पुरावा पुरे.